वार्निश मारलं आणि विमान पांढरं पडलं: मुंबईच्या पावसाळ्यातली नेहमीची अडचण

प्लास्टिकच्या किटमधून जोडलेल्या मॉडेल विमानांबद्दल बोलतो आहे. लक्षणं आधी सांगतो, कारण उपाय त्यांच्यावरच ठरतो.

कॅमोफ्लाज मनासारखं बसलं, डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हं) नीट लागले, शेवटचा मॅट वार्निशचा हात मारला आणि पाच-दहा मिनिटांत सगळ्या विमानावर दुधावर साय धरावी तसा पांढरट पडदा आला. बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतं, पण गडद राखाडी रंग राखेसारखा फिका दिसतो. हा पहिला प्रकार आणि पावसाळ्यात सर्वात जास्त दिसणारा.

दुसऱ्या प्रकारात मारताना सगळं ठीक असतं. वाळल्यावर, तासाभराने, पंख धडाला मिळतो त्या खाचेत आणि पॅनेलच्या (पत्र्यांच्या सांध्यांच्या) रेषांमध्ये बारीक मीठ भुरभुरल्यासारखं दिसायला लागतं. इथे बोटाला किंचित खरखर जाणवते.

तिसऱ्यात पांढरेपणा फक्त डिकलच्या हद्दीत असतो. समोरून पाहिलं तर काही नाही, विमान जरा तिरकं धरलं की तिरंगी गोलाच्या आत चंदेरी चकाकी दिसते. चौथ्यात मोहरीएवढे गोल डाग पडतात, मध्ये फिके आणि कडेला गडद. पाचवा प्रकार वार्निशचा नाहीच: कॉकपिटच्या काचेवर, बहुतेक वेळा आतून, सकाळी उठून पाहावं तर धुकं.

या पाचही गोष्टींना लोक एकच नाव देतात, "वार्निश पांढरं पडलं", आणि पाचहीवर एकच उपाय करतात: वरून आणखी एक हात. तो हात सर्वात महागात पडतो. खालचा दोष झाकला जात नाही, तो आत बंद होतो.

मी लालबागला राहतो. रंगकाम गॅलरीत चालतं, मॉडेल बहुतेक १/७२ मापाची. हा दोष मी माझ्या आणि मित्रांच्या विमानांवर इतक्या वेळा काढला आहे, की जुलै लागला की कोणाचा फोटो आला तर प्रश्न काय असणार हे न वाचताच कळतं. पहिल्यांदा तो मला भेटला भारतीय नौदलाच्या सी हॅरियर या लढाऊ विमानाच्या मॉडेलवर. खरी विमानं १९८३ मध्ये आपल्याकडे आली तेव्हा वरून अतिशय गडद समुद्री राखाडी आणि खालून पांढरी होती. गडद रंगावर हा दोष लपत नाही. रात्री साडेअकराला, बाहेर धो धो पाऊस पडत असताना, मी स्प्रे कॅनमधून लॅकर मॅट, म्हणजे पाण्याऐवजी थिनरवर आधारित मॅट वार्निश, मारला. बारा वाजेपर्यंत तीन महिन्यांचं काम पांढरं झालं होतं. घाबरून त्यावर दुसरा हात मारला, मग तिसरा. शेवटी रंग खरवडताना पॅनेलच्या रेषाही गेल्या. आज तेच विमान समोर आलं तर अर्ध्या तासात बरं होईल. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

पहिली तपासणी: हात आवरा, रात्र जाऊ द्या. याला पैसे लागत नाहीत. वार्निश पाण्यावर आधारित असेल, म्हणजे बाटलीवर धुण्यासाठी पाणी चालेल असं लिहिलेलं असेल, तर जाड हात ओला असताना दुधाळ दिसतोच आणि वाळला की पारदर्शक होतो. मुंबईच्या पावसाळ्यात एरवी चार तासांत वाळणारा थर चोवीस तासही घेतो. विमान झाकण असलेल्या डब्यात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी बघा. ट्यूबलाइटखाली मॅट रंग नेहमीच जरा फिका दिसतो, त्यावर निर्णय घेऊ नका.

दुसरी तपासणी: पाण्याचा थेंब. माझ्या मते सगळ्यात मोलाची तपासणी हीच. नंबर दोनचा ब्रश साध्या पाण्यात बुडवा आणि पंखाच्या खालच्या बाजूला, पांढरेपणा असेल तिथे, वाटाण्याएवढी जागा ओली करा. आता नीट बघा.

ओलं असेपर्यंत खालचा रंग पूर्ण गडद दिसला आणि पाणी सुकताच पांढरेपणा परत आला, तर दोष पृष्ठभागावर आहे. तिथे सूक्ष्म खडबडीतपणा आहे, त्यावर प्रकाश सगळीकडे विखुरतो. पाण्याने खळगे भरले की तो विखुरणं थांबतं. हा दुसरा प्रकार, मिठासारखा. ओलं करूनही पांढरेपणा तसाच राहिला, तर तो थराच्या आत आहे: एक तर ओलावा अडकलेला, नाही तर डिकलखाली हवा. इथून पुढचे दोन रस्ते पूर्ण वेगळे आहेत, म्हणून ही तपासणी टाळू नका.

इथेच एक गोष्ट. काही जण म्हणतात, खरं विमानही उन्हाने फिकं पडतं, राहू द्या तसंच. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात उघड्यावर उभं असलेलं मरुत हे लढाऊ विमान जाऊन बघा. ऊन-पावसाने रंग उडतो तो वरच्या बाजूने, पॅनेलनुसार कमी-जास्त, आणि पंखाखाली बराच टिकून राहतो. वार्निशचा पडदा चाकांच्या खाचेतही तेवढाच असतो जेवढा पाठीवर. डोळ्याला ते खोटं वाटतं, कारण ते खोटं असतं.

तिसरी तपासणी: कोमट पाण्याने पुसून बघा. डिकलच्या आसपास पिवळट-पांढरे ओघळ असतील तर तो डिकलचा उरलेला गोंद असू शकतो. मऊ सुती कापड कोमट पाण्यात पिळून हलक्या हाताने टिपा, घासू नका. गेलं तर काम संपलं. यावर वार्निश मारलं की तो डाग कायमचा, म्हणून डिकल वाळल्यावर ही पुसणी मी दर वेळी करतो, डाग दिसो वा न दिसो.

चौथी तपासणी: बाटलीचा तळ. मॅट वार्निशमध्ये चमक घालवण्यासाठी सिलिकासारखी अतिशय बारीक पूड असते. ती खाली बसते. दुकानातून आणलेली बाटली महिनाभर कपाटात उभी असेल तर वरच्या भागात नुसतं वार्निश आणि तळाशी पुडीचा गाळ. न ढवळता वापरलं तर पहिल्या विमानावर चमक राहते आणि बाटली संपत आली की शेवटच्या विमानावर मीठ. झाकणाजवळ कान नेऊन हलवण्यापेक्षा आइस्क्रीमची काडी तळाला टेकवून दोन मिनिटं ढवळा. काडीला घट्ट पांढरा गाळ लागला तर कारण सापडलं. वेगळी मॅट बेस (हीच पूड असलेलं घट्ट द्रावण) मिसळणारे बहुतेक वेळा ती जास्त टाकतात. दहा भाग ग्लॉस वार्निशला एक भाग, इथून सुरुवात करा.

मिठासारख्या पांढरेपणावर उपाय सोपा आणि स्वस्त आहे: ग्लॉस वार्निशचा एक पातळ ओला हात. तो खळगे भरतो, रंग परत खोल दिसतो. पूर्ण वाळल्यावर नीट ढवळलेला मॅट, दोन उडते हात, खाचांमध्ये साचू न देता. खाचांत साचण्याचं कारण म्हणजे एअरब्रश (कॉम्प्रेसरच्या हवेने रंग फवारणारं पेन) तिथे थांबतो. हात थांबवायचा तो विमानाच्या बाहेर, विमानावर नाही.

एकाच बाजूला सँडपेपरसारखी खरखर असेल तर ते वाळून पोचलेलं वार्निश आहे. फार लांबून किंवा फार दाबाने मारलं की थेंब हवेतच सुकतात. ०.३ मिमीच्या नोझलला १५ ते २० पीएसआय हवेचा दाब आणि १० ते १२ सेंटीमीटर अंतर माझ्याकडे चालतं. दोन हजार नंबरच्या पाण्याच्या पॉलिशपेपरने अगदी हलकं घासून परत एक हात द्या, बस्स.

पाचवी तपासणी: हवेतला दमटपणा. आता खऱ्या मुंबईच्या प्रश्नाकडे येऊ. आर्द्रतामापक घ्या, छोटा डिजिटल. लॅमिंग्टन रोडला मिळतो, किटच्या किमतीपुढे तो काहीच नाही.

थिनर, म्हणजे लॅकर पातळ करणारं द्रावक, उडून जाताना पृष्ठभागातली उष्णता घेऊन जातो. हातावर हार्डवेअरच्या दुकानातल्या एनसी थिनरचा थेंब पडला की गार वाटतं ना, तेच विमानाच्या पंखावर होतं. स्प्रे कॅनमध्ये तर आतला वायू प्रसरण पावतानाच गार झालेला असतो. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू साधारण २७ अंशांवर असतो. म्हणजे पंख फक्त तीन अंशांनी गार झाला की हवेतली वाफ त्याच्यावर दव होऊन बसते, तीही ओल्या लॅकरमध्ये. पाण्याला लॅकर विरघळवता येत नाही, म्हणून तिथे राळ फाटते, अगदी दूध नासतं तशी. वाळल्यावर आत सूक्ष्म पोकळ्या राहतात आणि त्या पांढऱ्या दिसतात. तीच हवा ३० अंशांवर ६० टक्के असेल तर दवबिंदू साधारण साडेएकवीस अंशांवर जातो, आणि साडेआठ अंशांची मोकळीक मिळते.

त्यामुळे वेळ निवडणं हा फुकटचा उपाय आहे. पावसाळ्यात आर्द्रता पहाटे आणि रात्री सर्वाधिक, दुपारी एक ते चारच्या दरम्यान त्यातल्या त्यात कमी. आपल्यापैकी बहुतेक जण नऊची लोकल पकडून घरी येतात, जेवतात आणि अकराला एअरब्रश हातात घेतात. ती वेळ भाग कापायला, मास्किंगला, डिकलला द्या. वार्निश रविवारी दुपारी, पाऊस उघडल्यावर. माझा नियम असा: मापकावर ७० च्या वर आकडा असेल तर लॅकर नाही.

आठवडाभर आकडा खाली येतच नसेल तर विमान किंचित गरम करा. हेअर ड्रायर मंद ठेवून, हातभर अंतरावरून, सगळीकडून सारखा फिरवत, हाताला कोमट लागेपर्यंत. पंख हवेपेक्षा पाच-सहा अंश उबदार असला की थिनर उडूनही तो दवबिंदूच्या वर राहतो. एका जागी धरू नका. किटचं प्लास्टिक पॉलिस्टायरीन असतं, पातळ शेपटी लगेच वाकते. स्प्रे कॅन असेल तर तो पाच मिनिटं कोमट पाण्यात उभा ठेवा. कोमट म्हणजे अंघोळीचं पाणी. गॅसवर, उकळत्या पाण्यात, उन्हात गाडीच्या काचेमागे कधीही नाही, कॅन फुटतो.

एसीबद्दल विचारतात म्हणून सांगतो. एसी खोली कोरडी करतो हे खरं, पण एसीत गार झालेलं विमान गॅलरीत आणलं की एसी टॅक्सीतून उतरल्यावर चष्म्यावर जशी वाफ धरते तसंच त्याच्यावर पाणी धरतं. डोळ्याला दिसतही नाही. बाहेर आणलंत तर अर्धा तास थांबा. आणि बंद एसी खोलीत लॅकर मारू नका, वाफ ज्वालाग्राही असते आणि फुप्फुसात जाते.

सहावी तपासणी: कॉम्प्रेसरमधलं पाणी. गोल डाग असतील तर इथे बघा. हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होते. एअरब्रशमध्ये रंग न घालता पांढऱ्या टिश्यूवर एक मिनिट नुसती हवा सोडा. टिश्यूवर ठिपके उमटले तर पाणी पाइपमधून येत आहे. पाणी गाळणारी बाटली भरली असेल तर खालची पिन दाबून काढा. टाकी असेल तर प्लग काढून, दाब पूर्ण सोडून, तळाचा नळ उघडा. जुलैमध्ये मी दर बैठकीनंतर हे करतो आणि दर वेळी चमचाभर पाणी निघतं. गाळणी कॉम्प्रेसरला चिकटून असेल तर हवा तिथे अजून गरम असते, पाणी पुढे पाइपमध्ये जमतं. मी नागदेवीला हवेच्या फिटिंग्जच्या दुकानातून दुसरी छोटी गाळणी घेऊन एअरब्रशच्या जवळ बसवली, तेव्हापासून डाग बंद झाले.

सातवी तपासणी: थिनर. हे मला मॉडेलवाल्यांनी नाही, इमारतीत कपाटाला पॉलिश करायला आलेल्या मिस्त्रींनी शिकवलं. माझं पांढरं विमान हातात घेऊन ते म्हणाले, "दादा, पावसात लॅकर पांढरं पडणारच. रिटार्डर टाकला नाही का?" रिटार्डर म्हणजे हळू उडणारं द्रावक. थिनर सावकाश उडाला की पृष्ठभाग कमी गार होतो आणि दव बसलंच तरी थर बंद होण्याआधी त्याला निघून जायला वेळ मिळतो. फर्निचर आणि गाड्या रंगवणारे पावसाळ्यात हेच करतात. आपल्यासाठी मॉडेलचा लेव्हलिंग थिनर सोयीचा, त्यात रिटार्डर आधीच असतो. हार्डवेअरचा एनसी थिनर एअरब्रश धुवायला ठेवा. तो उघड्या प्लास्टिकला खातो.

आणि हाच थिनर झालेला पांढरेपणाही काढतो. आधी प्लास्टिकच्या चमच्यावर तेच रंग, तेच वार्निश मारून चाचणी घ्या. खालचा रंग पाण्यावर आधारित असेल तर लॅकर थिनरने तो सुरकुततो, डिकलही आकसतात, म्हणून चमचा वगळू नका. मग दुपारी, ७० च्या खाली आकडा असताना, नुसता लेव्हलिंग थिनर १५ पीएसआयला, हातभरापेक्षा जरा जवळून, धुक्यासारखा सोडा. पहिल्या फेरीत काही होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत पंख ओलसर चमकायला लागतो आणि पांढरा पडदा कडेपासून आत विरघळत जातो, काचेवरची वाफ जाते तसा. चमक आली की त्या क्षणी थांबा. आणखी एक फेरी मारली तर वार्निश ओघळतं. अर्धा तास वाळू द्या, उरलं असेल तर परत एकदाच. सी हॅरियरनंतर मी ज्या गिऱ्हाइकांची, म्हणजे मित्रांची, विमानं सोडवली त्यातली बहुतेक याच पायरीवर सुटली.

डिकलखालची हवा या उपायाने जात नाही. डिकल मॅट रंगावर लावले की खळग्यांत हवा अडकते. चंदेरी जागेवर सुईच्या टोकाने चार-पाच भोकं पाडा, वर लाल लेबलच्या बाटलीतला मायक्रो सोल (डिकल मऊ करणारं द्रावण) लावा आणि हात लावू नका. डिकल सुरकुतेल, घाबरू नका, तासाभरात बसतो. दोन-तीनदा करावं लागतं. पुढच्या वेळी डिकलआधी ग्लॉसचा हात द्या. खरा उपाय तोच.

काचेवरचं धुकं इन्स्टंट ग्लूच्या वाफेचं असतं. ती वाफ ओलाव्याने घट्ट होते, म्हणून दमट हवेत जास्त बसते. काच निघत असेल तर टूथपेस्ट आणि सुती कापडाने गोल गोल पॉलिश करा, धुवा आणि ग्लॉस वार्निशमध्ये बुडवून टिश्यूवर टेकवा. परत बसवताना फेविकॉल. तो वाळल्यावर पारदर्शक होतो आणि काचेला खात नाही.

आता कुठे थांबायचं ते.

थिनरचं धुकं दोनदा मारूनही पडदा तसाच असेल तर तिसऱ्यांदा नको. त्याचा अर्थ ओलावा खालच्या थरांत, कदाचित रंगातच आहे. यापुढचा रस्ता रंग पूर्ण उतरवण्याचा. लॅकर उतरवणारं द्रावण प्लास्टिकही उतरवतं, म्हणून हे आधी केलेलं नसेल तर व्यावसायिकपणे मॉडेल रंगवणाऱ्याकडे द्या. किट पुन्हा मिळणारं असेल तर नवीन घेणं स्वस्त पडतं. विमान आठवणीचं असेल, म्हणजे एखाद्या निवृत्त वैमानिकाला निरोपाच्या वेळी मिळालेलं मिग-२१, तर माझ्या वरच्या यादीतलं पाण्याच्या थेंबाच्या पुढचं काहीही त्यावर करू नका. १९६३ ते २०२५ एवढा काळ सेवेत राहिलेल्या विमानाची ती एका माणसाची खूण असते. जुनं वार्निश आणि जुना रंग काय आहे हे माहीत नसताना थिनर मारणं जुगार आहे. वस्तूंचं संवर्धन करणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा.

कॉम्प्रेसरच्या टाकीतून तांबडं गंजाचं पाणी येत असेल, दाब ठरलेल्या आकड्यावर बंद होत नसेल, सेफ्टी वाल्व्ह अडकला असेल किंवा बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर प्लग काढा आणि मेकॅनिकला बोलवा. गंजलेली टाकी आतून पातळ झालेली असते. तिला एम-सील लावून चालवू नका, ती दाबाखाली फुटते.

आणि डोकं जड झालं, मळमळलं, श्वास लागला तर काम त्याच क्षणी सोडून मोकळ्या हवेत जा. बरं वाटलं नाही तर डॉक्टरकडे, आणि कोणता थिनर होता ती बाटली सोबत न्या. धुळीचा मास्क किंवा एन-९५ वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो, आणि पावसामुळे खिडकी बंद ठेवावी लागत असेल तर त्या दिवशी लॅकर नाही.

दुरुस्त झालेलं विमान ४८ तास झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. पिटो ट्यूब (हवेचा वेग मोजणारी बारीक नळी), अँटेना आणि चाकांची दारं त्यानंतर लावा.